नागपूर जेलमधली झडती: कुठपर्यंत कायदेशीर, कुठून पुढे नाही, आणि घरच्यांनी काय करायचं

घरचा माणूस सेंट्रल जेलला गेला की पहिले काही दिवस सगळं डोकं जामिनातच असतं, वकील कोण, फी किती, तारीख कधी. मग पहिली मुलाकात होते आणि तो जाळीपलीकडून हळूच सांगतो की कोर्टातून परत आल्यावर सगळ्यांसमोर कपडे काढायला लावले, किंवा बराकीची झडती झाली आणि केसचे कागद फेकून दिले. घरी आल्यावर बायको नाहीतर आई विचारते, हे चालतं का हो, की जेलमध्ये गेलं म्हणजे सगळंच चालते? मी विधी सेवेच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. लेख मोठा आहे, पण ज्याच्यावर वेळ आली त्याला प्रत्येक पायरी कामाची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. झडती घेणं हा जेलचा अधिकार आहे, आणि त्याची गरजही खरी आहे. मार्च २०१५ च्या शेवटी याच वर्धा रोडच्या जेलमधून पाच कच्चे कैदी (म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे) खिडकीचे गज कापून पळाले होते आणि त्यानंतरच्या झडत्यांमध्ये आतून मोबाईल निघाले, ते नागपूरकर विसरले नसतील. आत ब्लेड गेली तर ती कुणाच्या तरी गळ्याला लागते, बहुतेक वेळा एखाद्या गरीब, नवीन पोराच्या. त्यामुळे "झडती घेऊच नका" असं भांडायला गेलात तर कोर्टही ऐकणार नाही. भांडण करायचं ते झडती कशी घेतली यावर. कुणी घेतली, कुणासमोर घेतली, कशासाठी घेतली आणि त्याची नोंद कुठे आहे, हे चार प्रश्न पाठ करून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

मूळ कायदा १८९४ चा, इंग्रजांच्या काळातला कारागृह अधिनियम. त्याचं कलम २४ म्हणते की कैदी आत घेताना त्याची झडती घ्यायची आणि शस्त्रं, बंदी असलेल्या वस्तू काढून घ्यायच्या. त्याच कलमात असंही आहे की लवकरात लवकर डॉक्टरी तपासणी करून अंगावरच्या जखमा, खुणा रजिस्टरला लिहायच्या, आणि बाई असेल तर झडती आणि तपासणी महिला कर्मचाऱ्यानेच करायची. कलम २५ प्रमाणे पैसे, दागिने वगैरे जेलरच्या ताब्यात राहतात, म्हणजे ते जप्त झालेले नसतात, जमा असतात. आता डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राचं नवीन कारागृह व सुधारसेवा विधेयक मंजूर झालं, त्यामुळे अर्जात कलम टाकायच्या आधी वकिलाला विचारून त्या दिवशी लागू असलेलं कलम टाका. तत्त्वं तीच राहतात.

कारण तत्त्वं येतात संविधानातून. सुनील बत्रा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७८ ला आणि परत १९७९ ला सांगितलं की जेलच्या भिंतीच्या आत गेलं म्हणून मूलभूत हक्क संपत नाहीत. यातली दुसरी केस तर कैद्याने लिहिलेल्या चिठ्ठीवरूनच सुरू झाली होती. मग ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी केसमध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा कलम २१ चा भाग आहे असं एकमताने ठरवलं, आणि त्यावर बंधन आणायचं तर त्याला कायद्याचा आधार पाहिजे, खरा उद्देश पाहिजे आणि जेवढ्यास तेवढंच पाहिजे. वर सांगितलेले चार प्रश्न याच मापातून आले आहेत. याशिवाय संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम आहेत, त्यातले ५० ते ५३ नंबरचे नियम झडतीवरच आहेत. ते आपल्याकडे थेट कायदा नाहीत, पण अर्जात टाकले तर वजन पडते, केंद्राचं २०१६ चं मॉडेल प्रिझन मॅन्युअल बनवतानाही ते विचारात घेतले होते.

पायरी १: जेलच्या आधी, पोलीस स्टेशनलाच

अर्ध्याहून जास्त घोळ इथून सुरू होतात. अटक झाल्यावर पोलीस अंगझडती घेतात, ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ खाली (जुन्या सीआरपीसीचं ५१). त्यात लिहिलंय की ज्या वस्तू घेतल्या त्याची पावती अटक झालेल्याला द्यायची, आणि बाईची झडती बाईनेच, पूर्ण मर्यादा सांभाळून घ्यायची. पावती मागा. घड्याळ, अंगठी, पाकिटातले पैसे, चष्मा, औषधं, सगळं त्यात आलं पाहिजे. नाहीतर नंतर पोलीस म्हणतात जेलला दिलं, जेल म्हणते आमच्याकडे आलंच नाही, आणि मंगळसूत्रासारखी वस्तू मधल्या मध्ये गायब होते.

त्याच दिवशी अंगावर मार असेल तर पहिल्या रिमांडलाच मॅजिस्ट्रेटला तोंडाने सांगायचं. जेलला दाखल होताना परत जखमांची नोंद होते, तेव्हा "काही त्रास आहे का" असं विचारलं की पोरं घाबरून "नाही" म्हणतात. घरच्यांनी आणि वकिलाने आधीच सांगून ठेवावं की खरं सांग, दाखव, आणि लिहून घे म्हण. नंतर झडतीत मार बसला असं म्हणायची वेळ आली तर हीच पहिली नोंद फरक दाखवते.

पायरी २: दाखल होताना आणि कोर्टातून परत येताना

या दोन वेळेला झडती सगळ्यात कडक असते. वरून हात फिरवून, मेटल डिटेक्टरने, चपला, बेल्ट, पिशवी बघून जी झडती होते ती रोजची आहे, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न येतो कपडे काढायला लावतात तेव्हा.

मंडेला नियम ५२ सांगतो की अशी झडती अगदीच गरज असेल तेव्हाच, बंद जागेत, ट्रेनिंग असलेल्या आणि त्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याने घ्यायची. शरीराच्या आतली तपासणी तर शक्यतो डॉक्टरी शिक्षण असलेल्या माणसानेच, आणि तोही त्या कैद्याचा रोजचा इलाज करणारा डॉक्टर नको. कमीत कमी त्यासाठी वेगळं ट्रेनिंग घेतलेला माणूस तरी पाहिजे. म्हणजे रांगेत वीस जणांना उभं करून सगळ्यांना एकदम कपडे उतरवायला सांगणं हे कुठल्याच मापात बसत नाही. एक पडदा लावायला किती खर्च येतो सांगा? मला सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येते, कारण इथे सुरक्षेचा आणि इज्जतीचा झगडाच नाहीये, पडद्याआड घेतलेल्या झडतीत ब्लेड तेवढीच सापडते.

आतल्या माणसाला काय सांगायचं? नकार देऊन हातापायी करू नको, ते कारागृह अपराधात जाते आणि नंतर माफीचे (शिक्षेत मिळणाऱ्या सुटीचे) दिवस कापले जातात. शांतपणे, साहेब म्हणून, एवढंच बोल: "झडती घ्या साहेब, फक्त आडोशाला घ्या." ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर तारीख, अंदाजे वेळ, कुठे झाली, कोण हजर होतं हे लक्षात ठेव आणि पुढच्या मुलाकातीत किंवा तारखेला सांग. नाव माहीत नसेल तर हुद्दा चालतो, सुभेदार होते की हवालदार, कुठल्या ड्युटीवर होते.

आणखी एक, दुसऱ्या कैद्याला म्हणजे जेलच्या भाषेत वॉचमन वगैरेला हाताशी धरून अंगझडती घ्यायला लावली असेल तर ते वेगळं आणि ठळक लिहा. कैद्याला दुसऱ्या कैद्यावर शिस्तीचा अधिकार द्यायचा नाही असं मंडेला नियम ४० म्हणतो. यातूनच वसुली आणि मारहाण सुरू होते.

पायरी ३: बराकीची झडती आणि केसचे कागद

बराकीची झडती अचानकच होणार, आधी सांगून घेतली तर तिचा उपयोग काय. पांघरूण, थाळी, कँटीनचं सामान सगळं उलटंपालटं होते. यात खरा धोका असतो केसच्या कागदांना. वकिलाला द्यायच्या नोट्स, साक्षीदाराबद्दल लिहिलेले मुद्दे जर कुणी वाचले तर बचावाचंच नुकसान आहे. नियम ५३ सांगतो की कैद्याला त्याच्या केसचे कागद स्वतःजवळ ठेवता आले पाहिजेत आणि जेल प्रशासनाने ते वाचायचे नाहीत. आपल्या १८९४ च्या कायद्यातही कलम ४० ला कच्च्या कैद्याला वकिलाशी तिसरा माणूस हजर नसताना भेटायची सोय आहेच, मग तेच बोलणं कागदावर आलं तर ते उघडं कसं पडेल?

यासाठी कामाची पद्धत अशी. कागद पारदर्शक फाईलमध्ये ठेवा, म्हणजे न वाचता नुसतं हलवून, उलटून बघता येते की आत काही लपवलेलं नाही. स्टेपलर पिना, बाइंडिंगच्या तारा काढून टाका आणि दोऱ्याने बांधा, नाहीतर त्या पिनांवरूनच फाईल अडकते. प्रत्येक पानावर वर नाव, केस नंबर आणि "वकिलासाठीचे गोपनीय कागद" असं लिहा. पहिल्या पानावर यादी करा, एकूण पानं किती ते लिहा. आणि आरोपपत्राची एक झेरॉक्स बाहेर घरी ठेवाच, हे किती वेळा सांगितलं तरी लोक ओरिजिनल सेटच आत देतात.

पायरी ४: मुलाकातीला जाताना तुमची झडती

त्याच १८९४ च्या कायद्याचं कलम ४१ घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तेच कुणाला माहीत नसते. जेलर भेटायला येणाऱ्याचं नाव-पत्ता विचारू शकतो, संशयाचं कारण असेल तर झडती घेऊ शकतो, पण ती झडती कुठल्याही कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटायला आलेल्या माणसासमोर घ्यायची नाही, हे कलमातच लिहिलंय. तुम्ही झडतीला नाही म्हणालात तर आत सोडणार नाहीत, तो त्यांचा अधिकार आहे, पण मग का सोडलं नाही त्याची नोंद त्यांना करावी लागते. बंदी असलेली वस्तू आत नेली तर कलम ४२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि गांजासारखं काही असेल तर अमली पदार्थांचा वेगळा गुन्हा. "त्याच्या मित्राने पिशवी दिली होती, मला काय माहीत" हे ऐकून कुणी सोडत नाही. दुसऱ्याची पिशवी घ्यायचीच नाही, मग तो कितीही जवळचा असो.

नागपूरकरांसाठी खास सूचना: खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. सवयीने शर्टाच्या खिशात पन्नीत बांधलेली पुडी राहते, आत नेण्याचा काही हेतू नसतो, पण गेटवर निघाली की मुलाकात गेली आणि वर संशयिताच्या यादीत नाव. निघायच्या आधी घरीच सगळे खिसे उलटे करून बघा, पिशवीचे आतले कप्पे पण. मोबाईल, चार्जर, पेन ड्राइव्ह बाहेर कुणाजवळ तरी ठेवा. ओळखपत्र ओरिजिनल घ्या. लांबून, म्हणजे गडचिरोली-गोंदियाकडून यायचं असेल तर ई-मुलाकातीची सोय आधी विचारा, व्हिडिओवर भेट होते आणि गेटच्या झडतीचा प्रश्नच राहत नाही.

बायांची झडती लेडीज शिपायानेच आणि आडोशालाच. लेडीज ड्युटीवर नसेल तर थांबायची तयारी दाखवा पण पुरुषाच्या हातून झडती देऊ नका. पाळी चालू असेल तर सुरुवातीलाच लेडीज शिपायाला बाजूला घेऊन हळूच सांगा, उगाच सगळ्यांसमोर विषय निघत नाही. लेकरू कडेवर असेल तर त्याचं लंगोट, दुधाची बाटली बघतील, ते तुमच्या हातात, तुमच्यासमोरच बघावं असा आग्रह धरा. मंडेला नियम ६० प्रमाणे लहान मुलांची शरीराच्या आतली तपासणी करायचीच नाही. बापाच्या गळाभेटीला आलेल्या मुलाला जेलच्या दारातली तीच एक आठवण राहू नये, एवढं तरी आपण मोठ्यांनी बघायला पाहिजे.

महिला बराक आणि ट्रान्सजेंडर कैदी

महिला कैद्यांसाठी २०१० चे बँकॉक नियम आहेत, त्यात कपडे उतरवून झडतीऐवजी स्कॅनरसारखे पर्याय वापरावेत असं सांगितलंय, आणि आईबरोबर आत राहणाऱ्या मुलांची झडती जपून घ्यावी असंही. ट्रान्सजेंडर कैद्यांबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं आहे: झडती त्यांच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने किंवा ट्रेनिंग असलेल्या वैद्यकीय माणसाने घ्यावी, कपडे काढायची वेळ आली तर वेगळी खोली किंवा आडोसा पाहिजे, आणि शक्य तितकं स्कॅनरवरच भागवावं. तुमच्या ओळखीत असं कुणी आत असेल तर या पत्राची प्रिंट काढून अर्जाला जोडा, बऱ्याच वेळा खालच्या कर्मचाऱ्यांपर्यंत ते पोचलेलंच नसते.

कॅमेरा ही पण एक झडतीच आहे

हा मुद्दा नागपूरसाठी नवीन नाही. माओवादी संबंधांच्या केसमधले दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. एन. साईबाबा इथल्या अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक बंदोबस्ताच्या कोठडीत होते, ऐंशी-नव्वद टक्के अपंगत्व, व्हीलचेअरवर. मे २०२२ मध्ये त्यांच्या सेलसमोर सीसीटीव्ही लावला आणि त्यात संडास-आंघोळीची जागा पण येते असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं, त्यासाठी त्यांनी उपोषण केलं. पुढे मार्च २०२४ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. कॅमेरा कॉरिडॉरवर, गेटवर, बराकीत पाहिजेच, मारहाणीचा पुरावा पण त्यातूनच मिळतो, उलट मी तर म्हणतो झडतीच्या जागेच्या बाहेर कॅमेरा असलाच पाहिजे. पण संडासाच्या तोंडावर नाही. तक्रार करायची तर "कॅमेरा काढा" असं न लिहिता "कॅमेऱ्याचा कोन बदला किंवा तेवढा भाग झाका" असं लिहा, ती मागणी नाकारणं त्यांना जड जाते.

काही सापडलं असं म्हणाले तर

इथे घाई करायची नाही. काय सापडलं, कुठे सापडलं, अंगावर की अंथरुणात की सामायिक जागेत, हे पंचनाम्यात आलं पाहिजे. ऐंशी जणांच्या बराकीत भिंतीच्या कोपऱ्यात निघालेली वस्तू एकाच्या नावावर कशी? कोऱ्या कागदावर सही नाही. वाचता येत नसेल किंवा वाचून दाखवलं नसेल तर सहीच्या खाली तेवढंच लिहायचं, "वाचून दाखवलं नाही". आणि शिक्षा म्हणून एकांतात टाकलं, सवलती बंद केल्या किंवा दुसऱ्या जेलला हलवलं तर लक्षात ठेवा, सुनील बत्राच्या दुसऱ्या निकालात सांगितलंय की अशा गोष्टी सत्र न्यायाधीशाच्या तपासणीशिवाय करायच्या नाहीत, आणि तातडीने कराव्याच लागल्या तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं. वकिलाने सत्र न्यायालयात विचारायचा पहिला प्रश्न हाच: कळवलं होतं का?

तक्रार कशी, कुणाकडे

पहिला अर्ज अधीक्षकांना, कॉपी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, सिव्हिल लाईन्सला. अर्ज लांबवू नका, रडगाणं नको, शिव्या तर नकोच. असा पुरे:

"माझा मुलगा न्यायाधीन बंदी असून दि. … रोजी कोर्टातून परत आल्यावर सायंकाळी अंदाजे … वाजता त्याची अंगझडती इतर बंद्यांसमोर कपडे उतरवून घेण्यात आली. झडतीस आमची हरकत नाही. ती आडोशाला न घेतल्याबद्दल हरकत आहे. त्या दिवसाची झडतीची नोंद, हजर कर्मचाऱ्यांची नावे व बाहेरील सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावे व पुढील झडती आडोशाला घेण्याचे आदेश द्यावेत."

"झडतीस आमची हरकत नाही" हे वाक्य मुद्दाम टाकलंय, ते काढू नका. आणि फुटेजची मागणी पहिल्याच अर्जात, कारण रेकॉर्डिंगवर नवीन रेकॉर्डिंग चढते आणि महिन्याने मागितलं तर काहीच हाती लागत नाही. पोच घ्या, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

कोर्टाची तारीख हा दुसरा रस्ता आहे आणि माझ्या मते सगळ्यात मजबूत. न्यायालयीन कोठडी एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, म्हणजे माणूस प्रत्यक्ष नाहीतर व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) न्यायाधीशांसमोर येतोच. व्हीसीवर बाजूला जेलचा शिपाई उभा असतो म्हणून पोरं बोलत नाहीत, तेव्हा वकिलाने लेखी अर्ज द्यावा आणि प्रत्यक्ष हजर करायची विनंती करावी. मार लागला असेल तर त्याच अर्जात मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला) नेऊन तपासणीची मागणी, लगेच, कारण निळे वळ आठवड्यात जातात.

वकील नसेल, पैसे नसतील तर १५१०० ला फोन लावा. कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा कायद्याचं कलम १२ बघा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत झडतीच्या नोंदी मागता येतात, जीवित आणि स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांत उत्तराची तरतूद आहे, ते अर्जावर वरच ठळक लिहा. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत.

नोंद मागताना कुठली नोंद तेही नेमकं लिहा: तारीख-वेळ, झडतीचं कारण, घेणाऱ्याचं नाव-हुद्दा, कुठल्या प्रकारची झडती, काय निघालं. मंडेला नियम ५१ प्रमाणे एवढं लिहून ठेवायचंच आहे. जेलमध्ये काम करणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही मनापासून सांगतो, ही नोंद तुमचीच ढाल आहे. ज्या कर्मचाऱ्याने कारण लिहून, पडद्याआड, साक्षीदार कर्मचाऱ्यासोबत झडती घेतली त्याच्यावर खोटा आरोप टिकत नाही, आणि कमी माणसांत, डबल ड्युट्या करून तुम्ही हे काम करता ते आम्ही बघतो.

एवढं करूनही काही हललं नाही तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात संविधानाच्या कलम २२६ खाली फौजदारी रिट याचिका. तिथेही विधी सेवा उपसमितीकडून वकील मिळतो. याचिकेत मागण्या मोजक्या आणि करता येतील अशा ठेवा: झडतीच्या जागी पडदा किंवा वेगळी खोली, झडतीचं रजिस्टर सत्र न्यायाधीशांच्या भेटीच्या वेळी समोर ठेवणं, फुटेज जपण्याची मुदत ठरवणं, आणि तक्रार केली म्हणून त्या कैद्याला त्रास होणार नाही याची हमी. ही शेवटची मागणी लोक विसरतात, ती पहिल्या नंबरवर टाका.